डावी काच: एक ड्रायव्हर, एक इंजिन आणि कोरी राहिलेली बुकिंगची वही

पार्श्वभूमी

विदर्भात एके काळी अडीच फुटी रुळांच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, बऱ्याच लाइनी होत्या. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ, ११३ किलोमीटर. दुसरीकडे अचलपूर, ७६ किलोमीटर. पुलगावहून आर्वी, नागपूरहून नागभीड, शिवाय वर सातपुड्यात शिरलेल्या फांद्या. यांतल्याच एका लाइनवर १९८९ च्या डिसेंबरात हे प्रकरण घडलं. लाइन कोणती आणि शेड कुठलं ते सांगत नाही. माणसांची नावंही गाळली आहेत. तेव्हा मी लोको इन्स्पेक्टर, म्हणजे इंजिनं आणि ड्रायव्हर यांच्या कामावर देखरेख ठेवणारा, होतो आणि प्राथमिक चौकशी माझ्याकडे होती.

त्या काळात ब्रॉडगेजवर कोळशाची इंजिनं झपाट्याने कमी होत होती. शेवटची ब्रॉडगेज वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर-फिरोजपूर मार्गावर धावली. नॅरोगेजवर मात्र वाफ अजून रोजच्या कामात होती. यवतमाळ लाइनवरच्या ‘शकुंतला’ गाडीला डिझेल लागलं ते थेट १५ एप्रिल १९९४ ला. आमच्याकडेही ‘डिझेल येणार, डिझेल येणार’ हे तीन वर्षं ऐकू येत होतं, त्यामुळे जुन्या इंजिनांवर पैसा घालायला वरचे तयार नव्हते. काढून टाकायलाही तयार नव्हते, कारण कापसाच्या हंगामात गाडी तर चालवायची होती.

ड्रायव्हर साडेसत्तावन्नला टेकलेले. निवृत्तीचं वय तेव्हा ५८ होतं, म्हणजे सात महिने उरले होते. कोळसा फोडणारा पोऱ्या म्हणून लागलेले. पुढे फायरमन, शंटर आणि मग ड्रायव्हर. शेडमध्ये सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणत असे. इंजिन त्यांच्याहून वयाने थोडं मोठंच, विलायतेत बनलेलं. ते तिला ‘बुढी’ म्हणत. आमच्याकडे बुढी म्हणजे घरातली म्हातारी, आईसुद्धा.

आमच्या शेडची पद्धत अशी की ज्याचं इंजिन त्याच्याकडेच. लिंकमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या पाळीपत्रकात, अदलाबदल फार कमी. बुढी काकाजींकडे अकरा वर्षं होती. फायरमन तीन वर्षांपूर्वी लागलेला तरुण पोरगा. तो काकाजींच्या हाताखालीच शिकला आणि दुसऱ्या इंजिनावर त्याने जवळजवळ कामच केलं नव्हतं. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला, तेव्हा मात्र कुणाच्या लक्षात आला नव्हता.

अडचण काय झाली

पंचावन्नच्या पुढे ड्रायव्हरची वैद्यकीय तपासणी दरवर्षी असते. त्यासाठी काकाजी तीन दिवस विभागाच्या दवाखान्यात गेले. बुढी दुसऱ्या ड्रायव्हरकडे आली. वय बेचाळीस, चांगला माणूस, रेकॉर्ड स्वच्छ. फायरमन तोच.

वाफेच्या इंजिनात बॉयलरमधलं पाणी किती आहे हे दिसण्यासाठी भट्टीच्या दाराच्या वर दोन उभ्या काचेच्या नळ्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. वरचं तोंड वाफेत, खालचं पाण्यात. नळीत जिथे पाणी, तिथे बॉयलरमध्ये पाणी. दोन असतात त्या एकमेकींची साक्ष काढायला. भट्टीच्या छतावर सतत पाणी हवं. दीडशे पाउंड दाबाला ते पाणी १८५ अंशांच्या आसपास असतं, आणि ते आहे तोवर खाली कितीही आग असली तरी छत शाबूत राहतं. पाणी सरकलं की पत्रा तापत जातो. म्हणून छतात शिसं भरलेला प्लग बसवलेला असतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि ड्रायव्हरला कळतं की आता पुढे धोका आहे. प्लग उडणं ही ड्रायव्हरच्या नोकरीतली सगळ्यात लाजिरवाणी घटना. सिग्नल चुकला तर निदान धुक्याला दोष देता येतो.

त्या दिवशी बाजाराची गाडी होती, डबे भरलेले. निघाल्यावर तासाभरात उजवी काच फुटली. काच फुटणं यात विशेष काही नाही. ड्रायव्हरने दोन्ही कॉक बंद केले. जादा काच पेटीत होती, पण ती चढाच्या मध्ये बसवण्यापेक्षा पुढच्या स्टेशनात बसवू असं त्याने ठरवलं. डावी काच चालू होती, आणि एका काचेवर पुढच्या स्टेशनापर्यंत जाण्याचा आमच्याकडे रिवाजच होता.

चढ संपून गाडी माथ्यावर आली तेव्हा डावी काच अर्ध्याच्या जरा खाली दाखवत होती. चढावर पाणी मागे, भट्टीच्या बाजूला येतं. उतार लागला की पुढे चिमणीकडे पळतं. म्हणूनच माथ्यावर निदान अर्धी काच पाणी हवं. ड्रायव्हरच्या हिशोबाने थोडी ओढाताण होती, धोका नव्हता. उतारावर अर्धा किलोमीटर गेल्यावर भट्टीतून फुत्कार आला. दाराच्या फटीतून आलेल्या वाफेने फायरमनचा हात मनगटापर्यंत भाजला. ड्रायव्हरने डोकं ठिकाणावर ठेवून गाडी थांबवली, भट्टीतली आग खाली पाडली आणि सगळ्यांना इंजिनापासून लांब नेलं. गार्ड चिठ्ठी घेऊन पायी मागच्या स्टेशनात गेला. दुसरं इंजिन येईपर्यंत सहा तास गेले. बाजारातून परतणाऱ्या बायकांनी रुळाच्या कडेला चुली मांडून भाकरी भाजल्याचं गार्डने मला नंतर सांगितलं. चौकशीच्या कागदात ते घालायला जागा नव्हती.

चौकशीत काय निघालं

पहिल्या दोन तासांत प्रकरण अगदी सरळ दिसत होतं. पाणी कमी, प्लग उडाला, ड्रायव्हर जबाबदार. तो मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: “साहेब, काचेत पाणी होतं.” फायरमननेही तेच सांगितलं. मी विचारलं, “मग प्लग कसा उडाला?” फायरमन पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत म्हणाला, “डावीत होतं जी. पण डावी तर खोटीच असते ना?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. परत विचारलं. त्याने सांगितलं की काकाजी कायम उजव्या काचेवर चालतात. उजवी दिसत नसेल तर डावीतून चार बोटं वजा करायची. मग हे त्या दिवशी ड्रायव्हरला का सांगितलं नाही? “मले वाटलं साऱ्याच इंजिनांची डावी काच तशी असते. त्यायले मालूमच असन.”

बुकिंगची वही काढली. ड्रायव्हरने गाडी आणल्यावर इंजिनातले बिघाड ज्यात लिहायचे ती. बुढीच्या नावाने मागच्या चार वर्षांत डाव्या काचेबद्दल फक्त दोन नोंदी होत्या, दोन्ही चार वर्षांपूर्वीच्या, दोन्ही काकाजींच्या. समोर फिटरचा शेरा: ‘तपासले, ठीक.’ त्यानंतर काही नाही. एकूणच ती वही इतर इंजिनांच्या मानाने कोरी होती. शेडमध्ये हा बुढीच्या उत्तम प्रकृतीचा पुरावा मानला जाई. मीही तो तसाच मानत होतो. त्या वर्षात चार वेळा काकाजींबरोबर फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनात त्यांच्या शेजारी उभं राहून, गेलो होतो आणि चारही वेळा ‘उत्कृष्ट’ लिहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. ते उत्कृष्टच चालवत.

तिसऱ्या दिवशी काकाजी परतले. स्टेशनातूनच त्यांना कळलं होतं. घरी न जाता पिशवीसकट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“मले मालूम होतं साहेब. दोन डाव लिहून देल्लं. दोन्ही डाव आलं, ठीक हाय. तिसऱ्या डावा कायले लिहू? मंग मीच सांभाळून घेत गेलो.”

आम्ही इंजिन पेटवून, वाफ धरून काच तपासायचं ठरवलं. थंड असताना फिटरने वरून तार घातली, तार सरळ गेली; चार वर्षांपूर्वीही हेच झालं असणार. वाफ धरल्यावर दोन्ही काचांत तीन-साडेतीन इंचांचा फरक पडला. काच उतरवून पट्टी लावली तेव्हा कारण हातात आलं. एका जुन्या ओव्हरहॉलमध्ये डावीकडची बैठक बदलली होती, त्यामुळे तिथलं वरच्या-खालच्या नटांमधलं अंतर तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त होतं. शेडमध्ये काचा कापल्या जात त्या उजवीच्या मापाने. आखूड काच खाली टेकून बसायची आणि वरचं टोक नटाच्या आत पुरेसं जायचं नाही. नट आवळला आणि गरम झाला की रबराची रिंग मऊ होऊन काचेच्या तोंडावर सरकायची. वाफेची वाट अरुंद झाली की आतली वाफ थिजते, वरचा दाब घटतो आणि खालून पाणी वर चढतं. नेहमीपेक्षा जास्त पाणी दाखवणारी काच तयार होते. थंड झाल्यावर रिंग परत जागेवर, सगळं ठीक.

बदली ड्रायव्हरने चार्ज घेताना काच फुंकून, म्हणजे तिच्यातलं पाणी खालून सोडून देऊन, पाहिली होती. पाणी झटकन परत आलं, म्हणून तो निश्चिंत झाला. ड्रायव्हरला भीती असते ती पाणी सुस्तावण्याची. वरची वाट तुंबली असेल तर पाणी उलट तरतरीत येतं. पाण्याचा कॉक बंद करून नुसती वाफ सोडून पाहिली असती तर ती मेलेली दिसली असती. ही पूर्ण तपासणी नियमात होती. घाईच्या सकाळी ती किती जण करत, हे मला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट

काकाजींचा जबाब लिहून झाल्यावर सहीसाठी कागद पुढे केला. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग खिडकीकडे वळवला, मग शेजारी बसलेल्या फायरमनकडे दिला: “वाच रे.”

मी विचारलं, चष्मा? खिशातून काढून दाखवला. काचांवर कोळशाची भुकटी घट्ट बसलेली. इंजिनावर वाफेने धुरकटतो म्हणून ते लावतच नसत. लांबचा सिग्नल त्यांना माझ्याआधी दिसे, त्याबद्दल शंका नव्हती. जवळचं मात्र दिसत नव्हतं. दाबाचा काटा आणि काचेतलं पाणी फायरमन मोठ्याने सांगे: “अर्धा, काकाजी.” “दीडशे, काकाजी.” मी ते चार वेळा फूटप्लेटवर ऐकलं होतं आणि शिस्तीचा नमुना म्हणून मनात वाखाणलं होतं. बाकी सगळं ते कानाने करत. इंजेक्टरने, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या यंत्राने, पाणी उचललं की नाही हे आवाजावरून आणि नळीवर हात ठेवून सांगत. म्हातारी काच खोटं सांगायची, म्हातारे डोळे ती वाचत नव्हते, आणि दोघांची भरपाई इतकी बेमालूम जमली होती की गाडी वेळेवर यायची.

समोर काय पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे बदली ड्रायव्हरवर दोष ठेवून फाइल बंद करणं. प्लग उडालेला, वाफेची वेगळी तपासणी न केलेली, जादा काच बसवायला उशीर केलेला. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मोठ्या शिक्षेचा आरोप टिकला असता आणि शेडला कुणी प्रश्न विचारला नसता. लोको फोरमनचा कल इकडे होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याकडे फिटर कमी होते आणि काच कापणारा त्याचाच माणूस होता.

दुसरा, काकाजींवरही आरोपपत्र. माहीत असलेला दोष चार वर्षं दडवला, हे अक्षरशः खरं होतं. पण निवृत्तीच्या दिवशी कारवाई चालू असेल तर ग्रॅच्युइटी अडकते आणि पेन्शन तात्पुरती मिळते. सात महिन्यांत असलं प्रकरण मिटत नाही. एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीचा शेवट असा झाला असता. शिवाय, हे मी तेव्हा टिपणातही लिहिलं, त्यांच्यावर कारवाई झाली असती तर बाकीच्या ड्रायव्हरांनी त्यातून एकच धडा घेतला असता: इंजिनातली खोड कुणाला कळू द्यायची नाही.

तिसरा पर्याय, बुढीलाच काढून टाकायची. हंगाम चालू, शेडमध्ये एक इंजिन आधीच बॉयलरच्या कामाला गेलेलं. वरून नकार येणार हे विचारण्याआधीच ठाऊक होतं.

चौथा पर्याय चहाच्या टपरीवर हेडफिटरने सुचवला. “साहेब, काच एक सापडली. म्हाताऱ्याच्या डोक्यात अजून किती आहे ते कोणाला माहीत?”

काय केलं

आम्ही काकाजींना दोन दिवस लाइनवरून उतरवलं आणि बुढीसमोर खुर्ची टाकून बसवलं. ते सांगत, फायरमन लिहून घेई, हेडफिटर प्रत्येक गोष्ट जागेवर पाही. पहिला तास ते काही बोलेचनात. इंजिनात काय बिघाड आहे असं विचारलं की म्हणत, काही नाही. मग हेडफिटरने प्रश्न बदलला: “काकाजी, उद्या हा पोरगा एकटा घेऊन गेला तर त्याले काय सांगान?” तिथून मात्र ते थांबेनात.

सतरा मुद्दे झाले. रेग्युलेटर (वाफ सिलिंडरकडे सोडणारी झडप) बंद केल्यावरही थोडी वाफ जाते, म्हणून स्टेशनात उभं असताना ब्रेक सोडून खाली उतरायचं नाही. चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर वाळू सोडणारा उजवीकडचा पाइप दवाच्या सकाळी तुंबतो, निघण्याआधी काठीने ठोकायचा. डावा इंजेक्टर पाणी तापलेलं असलं की उचलत नाही, टाकी भरून घेतल्यावरच लावायचा. उतारावर एका ठरावीक गेटाजवळ मागच्या चाकाचा ठोका बदलतो. बदलला नाही तरच काळजी करायची. सतरापैकी नऊ गोष्टी सरळ बिघाड निघाल्या आणि दुरुस्त झाल्या. रेग्युलेटरचा बिघाड तर काचेइतकाच गंभीर होता. पाच खोडी नुसत्या लिहून इंजिनात लावल्या. तीन गोष्टी हेडफिटरला सापडल्याच नाहीत. काकाजी त्यांवर ठाम होते, म्हणून त्याही लिहिल्या.

चौकशी अहवालात मी बदली ड्रायव्हरची चूक, काचेचं माप आणि वहीतल्या दोन नोंदी, तिन्ही घातलं. काकाजींनी स्वतःहून सांगितलं हेही लिहिलं. त्यांच्या जवळच्या नजरेचा विषय मात्र त्यात घातला नाही. वेगळ्या पत्राने डोळ्यांच्या फेरतपासणीची शिफारस केली. अपघाताशी त्याचा थेट संबंध नव्हता, त्या दिवशी ते इंजिनावर नव्हतेच, असं माझं समर्थन होतं. ते मला आजही पुरतं पटत नाही. त्यांच्या जागी दुसरा, कमी आवडता ड्रायव्हर असता तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मी स्वतःला दिलेलं नाही.

निष्पन्न

बदली ड्रायव्हरची मोठी शिक्षा टळली, एका वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. माझ्या मते तीही जास्त झाली. काकाजींना लेखी ताकीद मिळाली. फिटरच्या ‘ठीक’बद्दल कुणालाच काही झालं नाही, आणि माझ्या चार ‘उत्कृष्ट’ शेऱ्यांबद्दल मलाही नाही. फायरमनचा हात महिन्याभरात बरा झाला.

फेरतपासणीत काकाजींची लांबची नजर पास झाली, जवळचा नंबर बराच बदललेला निघाला. नवा चष्मा दोरीने डोक्यामागे बांधून त्यांनी उरलेले महिने काढले. धूर बसला की फायरमनच्या गळ्यातल्या पंच्याने पुसायचे. पहिल्याच फेरीनंतर मी विचारलं, बुढी कशी आहे? “बरी हाय,” म्हणाले, मग थोड्या वेळाने, “पण आता लय बोलते. पहिले मलेच समजे, आता साऱ्यायले समजते.” तक्रार होती की समाधान, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

३१ जुलैला ते निवृत्त झाले. पुढे डिझेल आलं आणि बुढी भंगारात गेली. मधल्या काळात तिच्यावर तीन वेगवेगळे ड्रायव्हर चालले आणि प्लग पुन्हा उडाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णय चुकण्याची पहिली जागा अपघाताच्या चार वर्षं आधीची होती. एकाच ड्रायव्हरने एकच तक्रार दोनदा लिहिली, तेव्हा वाफ धरून आणि ड्रायव्हरला शेजारी उभं करून तपासणी व्हायला हवी होती. थंड इंजिनात गरम बिघाड शोधला गेला. ‘तपासले, ठीक’ या दोन शब्दांनी तिसरी नोंद कायमची बंद केली.

दुसरी जागा माझी. मी कायम काकाजी आणि बुढी एकत्र पाहिले. एकदा तेच इंजिन दुसऱ्या ड्रायव्हरकडे देऊन मी सोबत गेलो असतो, किंवा काकाजींना दुसऱ्या इंजिनावर चढवलं असतं, तर पहिल्याच चढावर दोघांचंही पितळ उघडं पडलं असतं. एक इंजिन, एक ड्रायव्हर या पद्धतीचे फायदे खरे आहेत: इंजिन स्वच्छ राहतं, कोळसा कमी लागतो, माणूस जीव लावतो. पण वर्षातून दोन-चार दिवस मुद्दाम अदलाबदल ठेवायला पैसे लागत नव्हते. पुढे आमच्या शेडमध्ये ती सुरू झाली. ड्रायव्हरांना आवडली नाही.

बदली ड्रायव्हरकडे चार्ज देण्याच्या वेळचं बोलणं हीही एक जागा. काकाजी आदल्या रात्री दवाखान्याच्या गाडीने गेले होते, दोघांची गाठच पडली नाही. पाच मिनिटांची भेट झाली असती तर त्यांनी डाव्या काचेबद्दल सांगितलंच असतं, असं ते शपथेवर म्हणाले. माझा त्यावर विश्वास आहे. तरी सतरातल्या किती गोष्टी पाच मिनिटांत आठवल्या असत्या, शंकाच आहे. त्यातल्या निम्म्या त्यांना बिघाड म्हणून माहीतच नव्हत्या.

आणि फायरमन. त्याला आम्ही तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की तू काय पाहतोस. विचारलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, त्याच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

काचांचं माप शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलं होतं, ते हेडफिटरने त्या आठवड्यात पुसून रंगाने लिहिलं. उजवी बारा इंच. डावी बारा इंच तीन सूत.